हिंगाची बाटली

सरांना हुंगायला काहीही द्या, ते थेट नाक लावायचे नाहीत. वस्तू हातभर लांब धरायची आणि दुसऱ्या तळव्याने हवा अलगद आपल्याकडे ओढून घ्यायची. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. मासळीवालीच्या पाटीसमोरही हेच चालायचं. ती ओरडायची, "सर, पापलेट हाय ते, अ‍ॅसिड नाय!"

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ते माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. निवृत्तीनंतर लोक देवळात जातात, नाहीतर हास्यक्लबात. सरांनी रविवारची बैठक काढली. संशोधन करणारी तरुण मुलं सोसायटीच्या हॉलमध्ये जमवायची आणि प्रत्येकाने आपलं सध्याचं काम दुसऱ्या शास्त्रातल्यांना सांगायचं. जोगेश्वरीच्या लेण्यांतली वटवाघळं अभ्यासणारा एक, गोवंडीच्या हवेतली धूळ तपासणारी एक, अशी मंडळी. कोणी अडलं की सरांचा प्रश्न ठरलेला, "शेजारच्याला विचारलंस का?"

एकदा वटवाघळांचे आवाज गोंगाटातून वेगळे काढायची युक्ती धूळवालीच्या यंत्राला लागू पडली. सर असे खूश, जणू दोघांचं लग्नच जमवलं.

तसे विसरभोळे, असं आम्ही समजायचो. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, गॅसवर दूध ठेवून खाली गेल्या होत्या. दूध करपल्याचा वास माझ्या घरात आला म्हणून मी धावले, तर सर स्वयंपाकघराच्या दाराशीच पेपर वाचत बसलेले! तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आम्ही पोट धरून हसलो. सरही हसले.

मग तो रविवार आला.

मेंदूवर काम करणारी एक मुलगी घाटकोपरहून आली होती. कंपवातात हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी पुष्कळांचा वास जातो, असं ती सांगत होती. ते कसं घडतं हे शोधायला तिला रसायनवालेही हवे होते. तिने बिनलेबलाच्या बाटल्या काढल्या. ओळखायचं, पण आधी बोलायचं नाही. पहिला मान सरांचा.

झाकण उघडताच मागच्या रांगेतल्यांनीही नाकं मुरडली. हिंग होता, तोही चांगला जहाल. सरांनी तळव्याने हवा ओढली. थांबले. म्हणाले, "यात पाणी आहे."

हॉल हसला. "सर, काय खेचताय यार!" वटवाघूळवाला म्हणाला.

सर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा तळवा हलवला. आणि मग बाटली थेट नाकाला लावली. इतक्या वर्षांत मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "अहो, मग काल म्हणालात ना, सुकटीचा वास घरभर सुटलाय?"

"तुझ्या तोंडाकडे बघून म्हणालो."

"कधीपासून असं?"

सर बाटलीचं झाकण लावत बसले. ती मुलगी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "सर, वास जायला कारणं पुष्कळ असतात. घाबरू नका. पण कोणाला विचारलं का नाहीत?"

"काय विचारू? रसायनाच्या मास्तरला वास येत नाही म्हणून? लाज वाटली गं."

जगाला शेजाऱ्याकडे धाडणारा हा माणूस, एका भिंतीपलीकडे हे एकटाच गिळून बसला होता.

तपासण्या झाल्या. कंपवातच निघाला. पुढच्या बैठकीत सर स्वतः उभे राहिले, उजवा हात डाव्याने धरून. "आजचा विषय मी. विचारा." त्या मुलीच्या अभ्यासातही त्यांनी नाव घातलं.

काकूंनी घरापुरता आपला उपाय काढला. स्वयंपाक करताना त्या मोठ्याने सांगायच्या, "मोहरी तडतडली हो! हिंग टाकला हो!" बाहेरच्या खोलीत सर थरथरता तळवा नाकाकडे हलवायचे आणि म्हणायचे, "आला, आला." खिडकीतून मला रोज ऐकू यायचं.

सर गेले, त्याला आता वर्ष होईल. बैठक मुलांनी चालू ठेवली आहे.

परवा दुपारी मी भांडी विसळत होते. पलीकडे फोडणी चर्र झाली आणि सवयीने काकूंचा आवाज आला, "हिंग टाकला हो!"

मग काहीच नाही. गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

मला राहवेना. खिडकीशी तोंड नेऊन मी म्हटलं, "आला, काकू. आला."