सेंग सुकची पोकळ टाइल

आमच्या मलेशियातल्या इपोहमध्ये कोणी नवं बाथरूम बघायला आलं, की आधी खिशातून नाणं काढतं. भिंतीवरच्या टाइलवर टकटक करून कान लावायचा. आवाज भरीव आला तर कारागीर सज्जन, पोकळ आला तर त्याने मागे सिमेंट भरताना हात आखडला. ही खोड आम्हा सगळ्यांनाच आहे, मला जरा जास्त. माझ्या पर्समध्ये या कामासाठी वीस सेनचं एक जुनं नाणं कायम असतं. अकरा वर्षांपूर्वी याच नाण्याने मी एका भल्या माणसाचं नाव खराब केलं. ते सांगायलाच हवं.

त्यांचं नाव चोय सेंग. सगळे त्यांना सेंग सुक म्हणत, म्हणजे सेंगकाका. तरुणपणी ते कथलाच्या खाणीत होते. खाणी बंद पडल्या तेव्हा तिशीच्या घरात टाइल बसवायला शिकले आणि आयुष्यभर तेच करत राहिले. बोलणं अगदी कमी. सकाळी पांढऱ्या कॉफीची प्लास्टिकची पिशवी घेऊन यायचे, तिच्या दोरीने ती नळाला अडकवायचे आणि दुपारपर्यंत घोट घोट पीत काम करायचे. कॉफी संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही आणि संपली की जेवायला जायचं, मग बोलणार कधी?

माझे यजमान गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी वरचं बाथरूम नवं करायला काढलं. शॉवरचे पाइप भिंतीच्या आत, बाहेर फक्त चकचकीत मूठ, आणि चहूकडे समुद्री हिरव्या टाइल. सेंग सुकनी भिंत बघितली आणि मला म्हणाले, "लाउ सो, मुठीखाली एक छोटं दार ठेवू." लाउ आमचं आडनाव, सो म्हणजे वहिनी. "आत पाइपांचे जोड आहेत. कधी गळले तर हात घालता येईल."

"दार? बाथरूम आहे की कोंबड्यांचं खुराडं? झाकण-बिकण काही नको मला. हॉटेलात असते तशी एकसंध भिंत पाहिजे."

"हॉटेलात मागच्या बाजूने दार असतं."

"तुम्ही कधी उतरलात हो हॉटेलात?"

"उतरलो नाही. टाइल बसवल्यात."

माझा मुलगा काह हो तेव्हा सतरा वर्षांचा होता. तो दारात उभा राहून खो-खो हसला. मी त्याच्यावरही खेकसले. सेंग सुकनी त्याच्याकडे बघितलं, जरा वेळ बघतच राहिले, आणि कामाला लागले.

काम झालं. भिंत खरोखर देखणी झाली होती. एक रेघ इकडची तिकडे नव्हती. मी नाणं काढून एकेक टाइल वाजवत गेले. मुठीखालची एक पोकळ वाजली. शेजारची वाजवली, भरीव. पुन्हा ती वाजवली, पोकळ.

"सेंग सुक, ही काय फसवणूक?"

त्यांनी टाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ती पडणार नाही," एवढंच म्हणाले.

"पडणार नाही म्हणजे? पोकळ ती पोकळच!"

त्यांनी हत्यारं गोळा केली, फरशी पुसली आणि गेले. माझं तोंड मात्र थांबलं नाही. मासळीबाजारात, देवळात, कॉफीच्या दुकानात, भेटेल त्याला मी ती गोष्ट ऐकवली. महिन्याभरात त्यांना 'पोकळ सेंग' असं नाव पडलं. आमच्या गल्लीत नवीन वर्षाआधी चार घरांची कामं निघाली, चारही दुसऱ्याकडे गेली. ते मला खोटं पाडायला एकदाही आले नाहीत. मला वाटलं, चोर आहे, कसा येईल?

आता गेल्या वर्षीचं सांगते. काह होचं लग्न झालेलं, सून पुइ येन शाळेत विज्ञान शिकवते. बाथरूमला लागून त्यांची खोली. पलंगामागच्या भिंतीवर आधी एक ओला डाग आला. आठवड्यात तो परातीएवढा झाला, मग त्यातून पाणी झिरपायला लागलं. आणि पुइ येनला पाचवा महिना होता.

घरात गरोदर बाई असली की आमच्याकडे भिंतीवर हातोडा पडत नाही. खिळासुद्धा ठोकायचा नाही, पलंग सरकवायचा नाही. पोटातल्या बाळाचा देव घरात वावरत असतो; तो कुठल्या भिंतीत बसलाय कोणाला ठाऊक? पहिल्या खेपेला मी हे सांगितलं तेव्हा पुइ येन हसली होती. ते बाळ तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरंही तसंच गेलं. कोणी काही ठोकलं नव्हतं, तरी गेलं. या खेपेला मी काही बोलायच्या आत तिनेच स्वयंपाकघरातला हातोडा काढून नवऱ्याला गाडीच्या डिकीत ठेवायला लावला. विज्ञान शिकवणाऱ्या पोरीने. ते बघून मी आत जाऊन डोळे पुसले.

नळवाला आला. म्हणाला, "आतला जोड गेलाय. सहा टाइल फोडाव्या लागतील. तासाभराचं काम."

पुइ येन जिन्यात पोटावर हात ठेवून उभी होती. तिचा चेहरा उतरला. "मम्मी, नको ना."

"मी कुठे हो म्हणतेय?"

"मग चार महिने गळू द्या," नळवाला म्हणाला. "भिंतीत विजेच्या तारा आहेत. पुढे काही झालं तर मला बोलावू नका."

म्हणजे फोडलं तर ती भीती, नाही फोडलं तर ही. तिला माहेरी पाठवावं तर माहेर समुद्रापलीकडे कुचिंगला, आणि विमानाला डॉक्टरांनी बंदी केलेली. आम्ही मुख्य कॉक बंद करून बादल्यांवर दिवस काढू लागलो. पण कॉक उघडला की डाग वाढायचाच. पुइ येन भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिला झोप नव्हती आणि तिच्याकडे बघून मलाही नव्हती.

चौथ्या दिवशी मला राग आला. भीती वाटली की मला राग येतो, तो माझा स्वभाव आहे. ही सगळी त्या पोकळ सेंगची करणी, असं म्हणत मी गावाबाहेरच्या वस्तीत त्यांच्या घरी जाऊन धडकले. सत्तरीचे झाले होते. अंगणात पपईच्या झाडाखाली बसून भाजी निवडत होते.

"सेंग सुक, तुमची भिंत गळतेय!"

"भिंत माझी, पाइप दुसऱ्याचा," ते म्हणाले. "बसा, लाउ सो."

"बसायला नाही आले मी!" आणि मग मी भडाभडा सगळं ओकले. डाग, तारा, नळवाला. त्यांनी मध्ये एकच विचारलं.

"सून आली?"

"आली की. म्हणून तर..."

"कितवा?"

"पाचवा."

ते उठले. आतून हत्यारांची पिशवी आणली, तिच्यातून हातोडा काढला, मग छिन्नी काढली आणि दोन्ही टेबलावर ठेवून दिली. उरलेल्या हत्यारांसकट पिशवी खांद्याला लावली. "चला," म्हणाले. हातोडा न घेता निघालेला कारागीर मी जन्मात पहिल्यांदाच बघत होते. मी त्यांच्या मागे निघाले.

घरी येऊन त्यांनी मुख्य कॉक बंद केला. माझ्याकडे हात पसरून म्हणाले, "नाणं आहे ना?" मी दिलं. मुठीखालची ती टाइल त्यांनी वाजवली. पोकळ. मग पातळ पात्याने तिच्या चारही कडा कापत गेले. इतकी वर्षं मी जे सिमेंट समजून घासत आले, ते सिमेंट नव्हतंच. तशाच रंगाचं सिलिकॉन होतं. पातं लोण्यात फिरावं तसं फिरलं. काचवाले काच उचलायला वापरतात तो रबरी कप त्यांनी टाइलवर दाबला आणि हळूच ओढला. टाइल आवाज न करता हातात आली.

आत स्वच्छ चौकट होती, ॲल्युमिनियमची. चौकटीच्या चार कोपऱ्यांत लोहचुंबक, टाइलच्या पाठीला लोखंडाच्या पट्ट्या. त्याच्या मागे पाइपांचे सगळे जोड, हात सहज जाईल असे. आणि एका खिळ्याला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले दोन जादा वायसर अडकवलेले.

मी वाकून आत डोकावले.

पुइ येन दारात आली होती. "सुक, पाना चालतो ना?" तिने हळूच विचारलं. "म्हणजे... देवाला?"

"पान्याला देव काही म्हणत नाही," ते आतूनच म्हणाले. "त्याचं वाकडं फक्त हातोड्याशी." पुइ येन हसली. किती दिवसांनी हसली ती! जुना वायसर निघाला, नवा बसला, कॉक उघडला. सेंग सुकनी जोडाखाली कोरडा कागद धरला आणि पाऊण तास तसेच बसून राहिले. कागद कोरडाच राहिला.

"मी नको म्हटलं होतं," मी म्हणाले. "मग का ठेवलंत?"

"मुलगा सतरा वर्षांचा होता तुमचा. आज ना उद्या सून येणार. मग भिंत फोडायला कोण देणार?"

"मग तेव्हाच सांगायचं ना! मी गावभर तुमची बदनामी केली."

"सांगितलं असतं तर तुम्ही बुजवायला लावलं असतं."

लावलंच असतं. उभी राहून लावलं असतं.

"आणखी कुणाकडे आहे अशी टाइल?"

"जिथे जिथे घरात पोरं होती तिथे," त्यांनी टाइल जागेवर बसवत सांगितलं. "बहुतेकांनी वाजवून बघितली नाही."

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी कॉफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून मी जिथे जिथे बोलले होते तिथे तिथे जाऊन उलटं बोलून आले. मासळीवाली म्हणाली, "लाउ सो चुकली? थांबा, भिंतीवर तारीख लिहून ठेवते." मी म्हटलं, लिही बाई, मोठ्या अक्षरात लिही. भिंत कोरडी झाली, पुइ येनला झोप लागू लागली आणि दिवस भरल्यावर नात झाली. टपोरी, भोकाड पसरणारी, माझ्यावर गेलेली. तिच्या पहिल्या आंघोळीचं पाणी त्याच शॉवरचं होतं, आणि ते अंगावर पडताना मी मनातल्या मनात सेंग सुकचं नाव घेतलं. माणसाने किती ऋणी असावं त्याला काही माप नाही, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

बाळाला महिना भरला की आम्ही लाल रंगवलेली अंडी वाटतो. आप्तांच्या आधी मी पहिला डबा सेंग सुककडे घेऊन गेले. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि उघडला.

"आम्हाला बाळ होणार होतं," ते म्हणाले. "माझ्या बायकोला, लानला, सातवा होता. बाळ आलं की जागा पुरावी म्हणून मी स्वयंपाकघराची भिंत पाडत होतो. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, एका तासाचं तर काम. बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, त्याचा भिंतीशी संबंध नाही. नसेलही. पण पुढे मरेपर्यंत ती हातोड्याचा आवाज आला की कानांवर हात ठेवायची."

त्यांनी डब्यातलं एक अंडं निवडलं, सदऱ्याला पुसलं आणि भिंतीवरच्या बायकोच्या फोटोपुढे ठेवलं.

"लान," ते म्हणाले, "आपल्याकडे लाल अंडी आली बघ."

मी तिथेच खुर्चीत बसून रडले. त्यांनी मला कॉफी करून दिली, पिशवीत नाही, कपात.