शनिवारी न जुंपलेले बैल

आणि वरून मलाच म्हणायचात, "तुला देवाचा धाक न्हाय."

तुमचा धाक बघितला की आबा. त्यात एक पोरगी गेली.

आबा म्हणजे माझे आजोबा. परवा गावी तेरला वारले. नव्वदी पार केलेली. मी इकडं इस्रायलमध्ये, म्हाताऱ्यांच्या केअरटेकरच्या ड्युटीवर. सुट्टी मिळाली न्हाय.

तेरमध्ये यहुदी घर आमचं एकच. तेलाचा घाणा होता. शनिवारी शब्बाथ, देवानं सांगितलेला विसाव्याचा दिवस, म्हणून घाणा बंद; लोक शनवार तेली म्हणायचे.

निजामाचं राज्य जाऊन दहा वर्सं झालेली. एका शनिवारी सकाळी आबांच्या तीन वर्षांच्या राहेलचा गळा सुजला. घटसर्प. श्वास घरघरायला लागला.
धाराशिवचा दवाखाना बैलगाडीनं पाच तास. बैल दारातच उभे.

शेजारचे चाँदभाई आबांना म्हणाले, "रुबेन, तू हात बी नको लावू. गाडी मी हाकतो. देव काय तुझे बैल मोजत बसलाय?"

"बैलान्लाबी आज विसावा. त्याचा हुकूम हाय."

आजी ओरडली, "बैलान्ला विसावा, अन् पोरीला?"

आबा डोळ्यांवर हात ठेवून शेमाची प्रार्थना म्हणत बसले.

तारे दिसले, शब्बाथ सरला, तसे आबा बैल जुंपायला उठले.
राहेल तासाभरापूर्वीच गेली होती.

"देवाचं जू मानेवर घेतलं की माणूस हलका होतो," असं आबा सगळ्यांना सांगायचे. गाव म्हणायचं, लई समाधानी माणूस.
आजी मरेपर्यंत शनिवारी त्यांच्याशी बोलली न्हाय.

मागच्या महिन्यात, शनिवारीच, माझा पेशंट कोसळला. शेजारचा दाढीवाला, शनिवारी लाईटचं बटणसुद्धा न दाबणारा. त्यानंच फोन लावला, त्यानंच गाडी काढली.
म्हणाला, जीव वाचवायला शब्बाथ मोडायचाच असतो. तोही हुकूमच.

आमच्या घरात हे कुणालाच म्हाईत नव्हतं. सांगणार कोण होतं तिथं?

रविवारी आबांना कॉल केला. खोटं कशाला बोलू, दुखावं म्हणूनच सांगितलं.

आबांनी तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे त्यानं राहेल मागितलीच नव्हती?"

"न्हाय. तुम्हीच दिली."

"मग चूक माझी. त्याची न्हाय."
आणि हसले. खरंच हसले.
"बरं झालं सांगितलंस पोरा. इतकी वर्सं त्याच्यावर राग धरून शेमा म्हणत व्हतो."

त्या दिवसापासून जेवले न्हाईत, असं बाबा म्हणतात.

जा आबा. माझं भांडण संपलं.

बाबा, राहेलच्या कबरीवर दगड न्हाय. दोन दगड बसवा, तिचा आधी.
अठरा हजार पाठवतोय.