हराळीचा माणूस

पुंजारामला नोकरी लागली ती एका गैरसमजावर, आणि तो गैरसमज त्यानं पुढं सात वर्षं तळहातावरच्या फोडासारखा जपला.

गाव त्याचं पारनेरकडचं. घरचं रान म्हणजे मुरमाची पट्टी, त्यात कुसळंसुद्धा लाजतलाजत उगवायची. म्हणून मिसरूड फुटल्यापासून पुंजाराम लोकांच्या शेतातली हराळी खणायला जायचा. हराळी म्हणजे तीच, जिच्या जुड्या बांधून आपण दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो. देवाच्या डोक्यावर ती शोभते. पण काळ्या रानात शिरली की पिकाच्या तोंडचा घास काढून घेते. वरून उपटली तर हसते नुसती. पहार घालून हातभर खोल ढेकूळ उलथावं लागतं, त्यातली मुळी न् मुळी वेचावी लागते, उन्हात वाळवून जाळावी लागते. बोटभर कांडं मातीत राहिलं तरी महिन्याभरात बाई पुन्हा हजर. पुंजारामच्या हातून कांडं राहायचं नाही. आसपासच्या चार गावांत त्याचा हातगुण ठरून गेला होता : पुंजानं हात लावला की हराळी परत तोंड दाखवत नाही.

असा हा हराळीचा काळ पोट घेऊन कालव्याच्या बाजूला आला, आणि एका साखर कारखान्याच्या फाटकाशी कामासाठी उभा राहिला. त्याच सुमारास कारखान्याचे मॅनेजर आबासाहेब घरात पेचात सापडले होते. त्यांच्या पत्नी मालनबाई पुण्याला कुणाच्या तरी बंगल्यावर चहाला गेल्या होत्या. तिथं त्यांनी हिरवळीवर चपला काढून पाय टेकले, आणि परत आल्यापासून त्यांच्या तळपायांना दुसरं काही गोड लागेना. बंगल्यापुढं लॉन पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि लॉन म्हणजे राखलेली हराळीच. आबासाहेब कारखान्यात वाघ. घरी आले की वाघाचं कातडं दारातल्या खुंटीला अडकवून आत जात, असं कॉलनीतल्या बायका म्हणायच्या. कॉलनीतल्या बायका खोटं बोलतात असं कुणी म्हणू नये.

साहेबांनी फाटकावरच्या गर्दीत विचारलं, "हराळीची माहिती कुणाला आहे?"

पुंजाराम पुढं झाला. "जनम गेला साहेब हराळीत."

"किती वर्षं?"

"ईस."

साहेब खूश. वीस वर्षं हराळीची जोपासना केलेला माणूस फाटकावर चालत येतो, याला नशीब लागतं! मागं उभी असलेली पुंजारामची बायको छबूबाई, तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला म्हणून बरं.

"आता काय करायचं?" वाटेत पुंजाराम म्हणाला.

"काय म्हंजी? जी मारता येती, ती जगवता येत न्हाई व्हय? तिच्या खोड्या तुमच्याइतक्या कुनाला ठावं हायत?"

ते खरंच निघालं. हराळीला काय सोसत नाही हे वीस वर्षं बघितलेल्या माणसाला तिला काय सोसतं ते आपोआप कळलं. पुंजारामनं असं लॉन केलं, की बंगल्यावर येणारा माणूस आधी चपला काढायचा आणि मग नमस्कार करायचा. मालनबाई कौतुक झेलायच्या. माळ्याचं नाव कुणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

सात वर्षं झाली, तरी पुंजाराम रोजंदारीवरच. त्याच्या मनात एकच शब्द होता : कायम. कायम झालं की पत्र्याची का होईना खोली मिळते, आजारपणात हजेरी बुडत नाही, आणि मुकादम 'ए'च्या जागी 'अहो' म्हणायला लागतो. छबूबाईला तर त्या 'अहो'चीच जास्त हौस.

बाहत्तर साल उजाडलं. मृग कोरडा गेला, पुढची नक्षत्रंही तशीच. ढग रोज यायचे, पाहुण्यासारखे बसायचे, आणि पाणी न पाडता उठून जायचे. आदल्या वर्षीही पावसानं हात आखडता घेतलाच होता. पण यंदाचा उकाडा वेगळा. कालवा, भोवतालचा ऊस आणि वर ते झाकण घातल्यासारखं आभाळ, सारखं गदमदायचं. सदरा अंगाला चिकटायचा तो संध्याकाळपर्यंत सुटायचा नाही. असल्या हवेत गवत उन्हानं नाही मरत, घामानं मरतं, हे पुंजाराम जाणून होता. म्हणून तो पाणी द्यायचा ते उजाडता उजाडता, तेही चार दिवसांतून एकदा. दिवसभरात पात्यावरचा ओलावा उडाला पाहिजे. गवत वाढू द्यायचा चांगलं चार बोटं. आणि रोज सकाळी दव पडलं की तो एक टोक धरायचा, छबूबाई दुसरं, आणि दोघं मिळून लांब कासरा लॉनवरून या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढत न्यायची. पात्यांवरचं दव झडायचं, बुरशीला थारा मिळायचा नाही.

कॉलनीच्या नळावर घागरी घेऊन ताटकळणाऱ्या बायकांना ही फुकटची करमणूक.

"काय गं छबे, समुद्र घुसळताय व्हय? अमृत निघालं का?"

"निघालं की! ईख तेवढं निघायचं ऱ्हायलंय, त्ये तुला ठेवते," छबूबाई म्हणायची.

जुलैच्या शेवटी आबासाहेबांनी पुंजारामला बोलावलं. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर संचालक मंडळाचा चहा बंगल्याच्या लॉनवर. "चहा नीट पार पडू दे. संचालकांच्या समोरच तुझ्या नावाची शिफारस करतो. कायमच्या यादीत."

पुंजाराम घरी आला तेव्हा त्याला बसवेना की उभं राहवेना.

आणि इथं मालनबाईंच्या अंगात आलं. कुठल्याशा मासिकात त्यांनी परदेशी बागेचं चित्र बघितलं, टेबलावर मेणकापड घालावं तसं गुळगुळीत. चित्र पुंजारामच्या नाकाशी धरून त्या म्हणाल्या, "असं बारीक काप. मशीन अगदी खाली आण. आणि रोज संध्याकाळी भरपूर पाणी मार, सकाळी ताजं दिसेल. युरियाही टाक, रंग चढायला हवा."

"बाईसाहेब, या हवंत बारीक कापू नगा. तिला तिचीच सावली लागती. मुळं उघडी पडत्याल. सांजचं पानी दिलं तर रातभर अंगावर ऱ्हातं, बुरशी धरती. आन् युरिया म्हंजी..."

"तू मला शिकवणार?"

स्वयंपाकघराच्या दारात स्वयंपाकाची साळूबाई कोथिंबीर निवडत होती. साळूबाईचा कान एवढा तिखट, की कॉलनीत कुणी मनातल्या मनात शिवी दिली तरी तिला ऐकू जायची. तिचा धाकटा भाऊ गोरक्षनाथ दोन वर्षं घरी बसून होता. बसून म्हणजे खरोखर बसून. उभा राहिला की त्याला दम लागायचा. साळूबाई पारनेरच्याच अंगाची, आणि पुंजारामची जुनी कीर्ती ती माहेराहून कधीच घेऊन आली होती. आजवर बोलली नव्हती, एवढंच. चांगला ऐवज बाई उगीच मोडत नाही.

पुंजाराम दोन दिवस अडून बसला. मग छबूबाईच म्हणाली, "करा ती म्हनंल तसं. कायम झाल्यावर मग आपलं खरं करा."

पुंजारामनं मशीन खाली घेतलं. पहिल्या फेरीत गवताची पांढरी बुडखी उघडी पडली तेव्हा त्यानं तोंड फिरवलं, आणि दुसरी फेरी तशीच, न बघता मारली. युरिया पडला. रोज संध्याकाळी पाणी बदाबदा. चार दिवस लॉन असं हिरवं दिसलं, की मालनबाईंनी तीनदा सगळ्यांना ऐकवलं, "बघा, म्हटलं नव्हतं मी?"

पाचव्या दिवशी सकाळी कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले. सहाव्या दिवशी भाकरीएवढे तांबूस डाग. आठव्या दिवशी डागाला डाग भिडले. पंधरा ऑगस्ट आला तेव्हा लॉन खरुजल्या कुत्र्यासारखं दिसत होतं. संचालकांना व्हरांड्यात कोंबून चहा पाजावा लागला, आणि एका संचालकीणबाईंनी गोड आवाजात विचारलं, "मालनताई, तुमचं ते लॉन कुठं आहे हो?"

पाहुणे गेले आणि साळूबाईनं ऐवज मोडला.

"बाईसाहेब, बोलू नये, पन तुमचं मीठ खाल्लंय. ह्यो पुंजा आमच्याकडं हराळी मारायला यायचा. त्याचा हातगुनच तसला. हात लावला की गवत जळतंय. ईस वरसं त्योच धंदा."

आबासाहेबांनी विचारलं, "खरं का रे?"

पुंजारामला सांगता आलं असतं, की सात वर्षं याच हातानं हिरवळ राखली. सांगता आलं असतं, की कापायला कुणी लावलं, पाणी कुणी मारायला लावलं. मालनबाई तिथंच उभ्या होत्या. साहेब मान वर करत नव्हते, म्हणजे त्यांनाही ते ठाऊक होतं. पुंजाराम एवढंच म्हणाला, "हराळी खणायचो, ह्ये खरं हाय. पर साहेब, ती मेली न्हाई. वरून जळलीय. पानी तोडा, हात लावू नगा, महिन्याभरात आपसूक यील. मला ठावं हाय, ती मरत न्हाई."

"वीस वर्षं मारत होतास आणि म्हणतोस मरत नाही!" मालनबाई हसल्या. ते हसणं तेवढं पुंजाराम पुढं कधी विसरला नाही.

दुसऱ्या दिवसापासून बंगल्यावर गोरक्षनाथ. त्याला काम काहीच येत नव्हतं, आणि मालनबाईंना त्या डागांकडं बघवत नव्हतं. म्हणून लॉन गेलंच असं धरून त्यांनी पाणी बंद करून टाकलं. गोरक्षनाथ आंब्याखाली आडवा झाला. उकाडा सरला, हवा कोरडी झाली, आणि दसऱ्याच्या सुमाराला प्रत्येक डागातून कोवळी हिरवी टोकं वर आली. दिवाळीत मालनबाई पाहुण्यांना सांगत होत्या, "नवीन माळ्याचा हातगुण फार चांगला." नव्या वर्षात गोरक्षनाथचं नाव यादीत चढलं. कायम.

पुंजाराम आणि छबूबाई तोवर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. रस्त्याच्या कडेला दोघं समोरासमोर बसायची, मधे एकच ढीग, आणि मजुरीचं मापही दोघांचं मिळून एकच. कॉलनीतल्या बायका आता त्याच रस्त्यानं जाताना थट्टा करायच्या नाहीत. ते छबूबाईला जास्त लागायचं.

त्र्याहत्तरचा जून. पुन्हा तसंच झाकण घातलेलं आभाळ, तसंच गदमदणं. अशा एका दुपारी गोरक्षनाथ सायकलवरून आला. अंगात खाकी सदरा, कारखान्यानं दिलेला.

"तात्या, लॉनवर डाग पडल्यात. भाकरीएवढं. सोमवारी चेअरमन येनार हायत. काय करू?"

पुंजारामनं हातोडा थांबवला नाही. छबूबाईनं मात्र आपला खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"युरिया टाक बाबा," ती मायेनं म्हणाली. "चांगला मूठमूठ. आन् सांजच्याला पानी मार, तळं साचंस्तवर. मशीन पार खाली घे. मंग बघ कसा रंग चढतुय."

गोरक्षनाथ तिच्याकडं बघत राहिला. आळशी होता, पण अगदीच खुळा नव्हता. त्यानं पुंजारामकडं मान वळवली. "व्हय का तात्या?"

एक शब्द. 'व्हय' म्हटलं की झालं. सोमवारी चेअरमन, मंगळवारी गोरक्षनाथ इथंच, खडीच्या ढिगामागं. पुंजारामनं हातोडा खाली ठेवला. त्याच्या कपाळावरून घामाची धार दगडावर पडत होती.

"न्हाई," तो म्हणाला. "पानी तोड. युरियाचं नाव काढू नगं. कापायचं बंद. सकाळी दव पडलं की कासरा ओढ, दोघांनी. एकट्याला जमत न्हाई त्ये, मधे झोळ पडतो. डाग सोमवारी दिसत्याल, त्याला इलाज न्हाई. चेअरमनला म्हनावं, हवा वंगाळ हाय."

"लई उपकार झालं तात्या." गोरक्षनाथनं सायकल वळवली.

तो वळणाआड जाईस्तोवर छबूबाई सायकलीकडं बघत होती. मग म्हणाली, "एक व्हय म्हनायला जीभ झडत हुती?"

पुंजारामनं खडी फोडायला घेतली.

"तुमाला बाईनं न्हाई घालवलं. साळीनं न्हाई घालवलं. तुमीच घालवलं. त्येच्यासाठी बरं त्वांड उघडलं! सायबापुढं कुठं गेल्तं?"

हातोडा चालूच राहिला.

छबूबाई उठली. फोडलेली अर्धी खडी तिनं पाटीत भरली आणि चार हातांवर नेऊन ओतली. पुन्हा आली, पुन्हा भरली. मुकादम मापाची फळी घेऊन तिकडूनच येत होता. त्यानं विचारलं, "काय गं ए, ढीग का फोडला?"

"आजपून माझं माप येगळं धरा," छबूबाई म्हणाली, आणि नवऱ्याकडं पाठ करून खाली बसली.