उरलेल्या फळ्यांचं कपाट

वखारीत सगळे त्याला टिचकीमामा म्हणत. फळी हातात आली की आधी तिला टिचकी मारून कान लावायचा, मग एक डोळा मिटून कडेचा बाक बघायचा, तळव्याने ओल चाचपायचा. दहांतल्या दोन पसंत पडल्या तर नशीब. वखारवाला वैतागायचा, "मामा, फळी निवडताय की जावई?" सगळे हसायचे. मामा मात्र पुढची फळी उचलायचा.

ही सवय त्याला एका अपघाताने लावली होती.

आई गेल्यावर थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलं. अक्का लोकांचे कपडे शिवायची, त्याच शिवणावर तो सुतारकाम शिकला. स्वतःचा कारखाना निघाला तेव्हा अक्काने एकच गोष्ट मागितली, ओट्याच्या वर एक कपाट. त्या दिवसांत त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या कामातले भुशाचे बोर्ड उरले होते. भुशाचा बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेली फळी. कोरडी आहे तोवर गुणाची. 'घरचंच तर काम आहे,' असं म्हणून त्याने तेच वापरले आणि वरून पांढराशुभ्र लॅमिनेट चढवला. कपाट असं देखणं झालं की अक्काने शेजारणींना बोलावून बोलावून दाखवलं. "माझ्या भावाच्या हातचं आहे!"

शेगडीची वाफ थेट वर जायची. दीड वर्षात तळ फुगला, स्क्रूंची पकड सुटली आणि एका सकाळी भरलेलं कपाट खाली आलं. अक्काचा उजवा हात ओट्यावर होता. त्यातली दोन बोटं पुन्हा कधी वाकली नाहीत. शिवणयंत्रावर झाकण पडलं ते कायमचं.

"मीच मेली भांडी कोंबली होती नको तेवढी," असं ती विचारेल त्याला सांगायची. तिने चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर मामाला सोसलं असतं. हे सोसवेना. पुढची अठरा वर्षं त्याने गावभर कपाटं केली, पण अक्काच्या घरात एक खिळा ठोकला नाही. तिनेही कधी काम सांगितलं नाही.

मग भाचीने नवं घर घेतलं. आईला ती तिथेच राहायला नेणार होती. एके दिवशी ती कारखान्यात आली. "मामा, स्वयंपाकघर तूच करायचंस."

"दुसरा चांगला माणूस देतो तुला."

"आई म्हणालीच होती, तू असं म्हणशील. म्हणून तिला बरोबर आणलंय."

अक्का दारात उभी होती. "रंधा खाली ठेव आणि वखारीत चल," ती म्हणाली.

वखारीत त्याने चौकटींना सागवान काढलं, खणांना पाण्यात टिकणारा प्लाय. त्याचं वजन बघून भाची म्हणाली, "आतलं कोण बघतंय? भुशाचं चालेल की. हलकं असतं."

मामाने हातातली फळी खाली ठेवली. मग तो बोलला, पण भाचीशी नाही.

"अक्का, तुझं कपाट भांड्यांनी नाही पडलं. उरलेले बोर्ड होते ते. वाफेत टिकणार नाहीत, हे मला तेव्हाच ठाऊक होतं."

"मलाही ठाऊक आहे. दवाखान्यातून आल्यावर डाव्या हाताने ओटा मीच झाडला. भुसा कुठला नि लाकूड कुठलं, एवढं कळतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू हत्यारं टाकून दिली असतीस. माझी दोन बोटं गेली होती, त्यापायी तुझे दोन्ही हात कशाला घालवायचे? राग आला नाही असं समजू नकोस. थंडीत बोटं ठणकली की अजून येतो."

भाचीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आईच्या हाताकडे बघत राहिली. वखारवाल्याने पाठ फिरवून उगीचच फळ्या रचायला घेतल्या.

काम सहा आठवडे चाललं. कापलेल्या प्रत्येक कडेला मामाने पट्टी बसवली, जिथे कुणाची नजर पोचणार नाही तिथेही. भिंतीत सागाची जाड पट्टी पक्की करून तिच्यावर कपाटं टांगली. बाजारातल्या गोल मुठी अक्काच्या हाताला धरवल्या नसत्या, म्हणून त्याने लाकडाच्याच लांब मुठी घडवल्या, अख्खा पंजा आत जाईल अशा. अक्काने उजव्या हाताने एकेक दार उघडून पाहिलं. कौतुकाचा शब्द काढला नाही.

"वरचा खण उंच झालाय," ती एवढंच म्हणाली. "मी काय रोज स्टुलावर चढू?"

दुसऱ्या दिवशी, चहाचं आधण ठेवायच्या आत, मामा हत्यारांची पिशवी घेऊन तिच्या दारात हजर होता.