आगीले किती दिसतीन?

गेल्या महिन्यात परतवाड्याच्या एका लाकडाच्या वखारीत दोन थप्प्यांमधलं अंतर पावलांनी मोजत होते, तेवढ्यात अकोल्याहून रुखसानाचा फोन आला. "ताई, अम्मी गेली..." सकाळी, चहाचा कप हातात असताना. किती पावलं झाली होती तेच मी विसरले. वखारीचे मालक काही विचारत होते, पण मी मागे फिरून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. हे मोजणं मला शिकवलं होतं ते रुखसानाच्याच आईनं, नसीमबाजींनी; बाजी म्हणजे ताई.

विमा कंपनीच्या अकोल्याच्या कार्यालयात मी नवी नवी लागले, तेव्हा कोणाचा विमा घ्यायचा आणि किती घ्यायचा हे बाजी ठरवत. बडनेऱ्याहून रोज गाडीनं येणाऱ्या मला वाटायचं, यात ठरवायचं काय असतं? अर्ज आला, हप्ता आला, पॉलिसी दिली. जास्त पॉलिसी म्हणजे जास्त धंदा. पहिल्याच हिवाळ्यात बाजी मला जीपमध्ये घालून तेल्हाऱ्याकडे घेऊन गेल्या. तिथं एका रांगेत सहा जिनिंग होते, कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे. पाचांचा विमा आमच्याकडे आधीच होता, सहाव्या गावंडेभाऊंचा अर्ज आला होता. कारखाना नवाकोरा, पाण्याची टाकी भरलेली. मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. बाजी मात्र ओढणी कमरेला खोचून लोखंडी शिडीनं सरळ छपरावर चढल्या. मी घाबरत घाबरत मागून.

वरून सगळी रांग दिसत होती. टिनाशेजारी टिन, दोन कारखान्यांमधल्या बोळांतही कापसाच्या गंज्या, आणि साऱ्या छपरांवर उडून बसलेली रुई.

"वैशाली, आपल्या कागदावर इथं कारखाने किती होतीन?"

"सहा."

"आन आगीले किती दिसतीन?"

मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत गेले... आगीला इथं एकच कारखाना दिसणार होता. बाजींचे डोळे चमकत होते. गणित सुटलेल्या मुलीसारख्या त्या भराभर सांगायला लागल्या. एकाची किंमत किती हे नाही पाहायचं, एका दिवसात, एका वाऱ्यात किती जाऊ शकते ते पाहायचं. तेवढं सगळं गेलं तरी प्रत्येकाला भरपाई देता आली पाहिजे, तीच आपली मर्यादा. तिच्या वरचा भार दुसऱ्या मोठ्या कंपनीला वाटून द्यायचा, कारण विमा कंपनीलाही स्वतःचा विमा लागतो. छपरावरच्या त्या दहा मिनिटांत माझी कंटाळवाणी नोकरी मला एकदम थरारक वाटायला लागली.

खाली गावंडेभाऊ तापले होते. "माह्या कारखान्यात कधी ठिणगी नाही पडली. मले कावून थांबवता?"

"भाऊ, तुमचा कारखाना लय चांगला हाय. मी तुमच्या शेजाऱ्याले भिऊन राहिली."

बाजींची अट एकच होती. रांगेच्या मधला बोळ मोकळा करा, अग्निशमनाची गाडी आत शिरेल एवढा. आमच्या कार्यालयाचे साहेब वैतागले, धंदा दुसरीकडे जाईल म्हणाले. "जाऊ द्या न साहेब," बाजी शांतपणे म्हणाल्या, "सहाही जळाले तर त्याईले काय तोंड दाखवान?" पंधरा दिवस कोणी हललं नाही. मग गावंडेभाऊंनीच शेजाऱ्यांना गोळा केलं, गंज्या उचलल्या, बोळ झाडून घेतला. बाजींनी स्वतः जाऊन पाहिलं, वरचा भार वाटून दिला आणि मगच सही केली.

पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर भर दुपारी आग लागली. आम्ही पोचलो तेव्हा अलीकडचे तीन कारखाने पेटले होते आणि मोकळ्या बोळात गाडी उभी राहून पाणी मारत होती. मी श्वास रोखून पाहत होते. ज्वाळा बोळापर्यंत यायच्या, वाकायच्या, मागे जायच्या... संध्याकाळी पलीकडचे तिन्ही शाबूत होते, गावंडेभाऊंचाही. गावंडेभाऊ बाजींपुढे हात जोडून उभे राहिले. मी आनंदानं नाचायचीच बाकी होते. बाजी मात्र जळालेल्या कारखान्याच्या मालकाजवळ जाऊन बसल्या, कोणते कागद लागतील ते त्यांना समजावून सांगत. परतताना जीपमध्ये म्हणाल्या, "वारा जोराचा असता तर बोळानं काईच झालं नसतं. हे इसरू नको." तिघांनाही भरपाई मिळाली. पुढच्या हंगामात त्या रांगेतले सहाही जण पुन्हा आमच्याकडेच आले.

चाळिसाव्या दिवशी मी अकोल्याला गेले. बाजींचं दफन त्यांच्या मूळ गावी झालं होतं, तिकडे सगळे निघाले होते. दारात दोन जीपगाड्या उभ्या होत्या. माणसं मोजकीच होती, एकीत सहज मावली असती. मी तसं म्हटलं, तर रुखसाना हसली.

"आमी सगळे एका गाडीत कधी बसलोच नाही, ताई. लग्नाले जायचं तरी अम्मी दोन गाड्या करे."

तिनं आपल्या मुलीला भावाच्या गाडीत बसवलं, दार लावलं आणि स्वतः मागच्या गाडीत आली. आम्ही दोघीच होतो. बाकीच्या जागा रिकाम्या ठेवून आम्ही त्यांच्या मागं निघालो.