छापल्या शब्दाचे नृसिंहराव

नृसिंहराव आमच्या शाहूपुरीतल्या ऑफिसात वकिलांचे कारकून होते, पण कायद्यावर बोलायला लागले की आम्हीच त्यांचे कारकून वाटायचो. मी तिथं नवा वकील, गणपतराव ज्येष्ठ. नवा कायदा आला की नृसिंहराव तो तोंडपाठ करत. कोर्टांचे निकाल मात्र त्यांना खपत नसत. ‘सरकारनं एकदा छापलं, त्याला न्यायाधीशानं कशाला शेपूट लावायचं?’ म्हणत. निम्म्याहून जास्त आयुष्य संस्थानात गेलेलं. दरबारचा हुकूम निघाला की विषय संपला. एकोणपन्नास साली संस्थान विलीन झालं, पण त्यांची ही समजूत काही विलीन झाली नाही.

त्यांची थोरली बहीण अक्का विधवा होती, मूलबाळ नव्हतं. नवऱ्याचं आजऱ्याला भातशेत होतं. जुन्या नियमानं तिनं ते हयातभर खायचं, पण कुणाला देऊन टाकायचं नाही. तिच्या मागं ते नवऱ्याच्या पुतण्याचं, बाळासोचं. छप्पन साली नवा कायदा आला: हिंदू बाईच्या ताब्यात जी मिळकत असेल, तिची ती पूर्ण मालकीण. नृसिंहरावांनी ऑफिसात पेढे वाटले. अक्कानं लगेच ते शेत पद्मजाला बक्षीसपत्र करून दिलं. पद्मजा म्हणजे या दोघांच्या वारलेल्या बहिणीची मुलगी, पायानं अधू, बिनलग्नाची, अक्कानंच वाढवलेली. आपल्या मागं पोरीला कोण बघणार, एवढा एकच घोर अक्काला होता.

बाळासोनं दावा लावला. शेत तोच कसायचा आणि अक्काला वर्षाचं भात पोचवायचा. खालच्या कोर्टानं ठरवलं, शेत बाईच्या ताब्यात नव्हतंच, तेव्हा ती मालकीण नाही, आणि तिच्या मागं बक्षीसपत्रालाही अर्थ नाही.

“अपील टाका,” गणपतराव म्हणाले. “ताबा म्हणजे काय, हे वरच्या कोर्टानं अजून कुठं ठरवलंय? कायदा नवा हाय. शब्दाचा अर्थ निकाला-निकालानं बसत जातो.”

“ताबा बाळासोचा, हे सरळ दिसतंय. बहीण माझी हाय म्हणून शब्द वाकवू व्हय?”

घरच्या माणसासाठी पळवाट शोधली, असं कुणी म्हणेल याची त्यांना धास्ती. अक्का भावाच्या शब्दाबाहेर नव्हती. अपिलाची मुदत निघून गेली. मीही तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो, त्याचा मला अजून राग येतो.

दोन वर्षांनी हायकोर्टाचा एक निकाल आला, दुसऱ्याच गावच्या दुसऱ्याच बाईच्या अपिलावर. ताब्यासाठी बाईनं स्वतः नांगर धरायला नको. दुसरा कसत असला, तरी हक्क तिचा असेल तर ताबाही तिचाच. नृसिंहरावांनी तो तीनदा वाचला आणि गणपतरावांकडं पाहिलं. गणपतरावांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

त्या संध्याकाळी एकट्यानं घरी जायचा त्यांना धीर होईना, म्हणून मी सोबत गेलो. अक्का अंथरुणाला खिळलेली, पद्मजा तिचे पाय चेपत होती. नृसिंहरावांनी उंबऱ्यातच बसून सगळं सांगून टाकलं.

“म्हंजे आता मिळतंय की शेत पद्मीला?” अक्कानं विचारलं.

“न्हाय, अक्का. हितनं पुढच्या बायकांना मिळंल. आपला निकाल कायम झालाय. मी अपील करू दिलं न्हाय.”

अक्कानं पद्मजाच्या अधू पायाकडं बघितलं.

“त्या बाईला भाऊ नसंल,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. साठीचे नृसिंहराव तिच्या अंथरुणाशी डोकं टेकून लहान पोरासारखे रडले, आणि त्यांना उठवायला आमच्यापैकी कुणीच पुढं झालं नाही.