सड्यावरचा तांडेल

मी त्या माणसाचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार आणि वीस मिनिटांचं भाषण. माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्या, पण टेबलावर पांढरा कपडा अंथरून, माईक लावून केलेली चूक ही एवढीच.

आधी क्लबाचं सांगतो, कारण ते ऐकणाऱ्याला खोटंच वाटतं. कोकण रेल्वे सुरू झाली त्या सुमाराला मालवण आणि कणकवलीच्या मधल्या एका सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, आम्ही पाच जणांनी ग्लायडिंगचा क्लब काढला होता. ग्लायडर म्हणजे इंजीन नसलेलं विमान. पंख लांबलचक, पोट एवढंसं, आत मागेपुढे दोन माणसं. कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबाचं ते आमच्याकडे आलं. ट्रकवरून, पंख वेगळे आणि धड वेगळं. वाटेतल्या गावांतून लोक विचारत होते, दशावताराचं सामान एवढं मोठं कधीपासून झालं? शिकवायला हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांना आम्ही कॅप्टन म्हणायचो. ते कॅप्टन नव्हते. बाकीचे नुसते हौशी. दोन शिक्षक, एक औषधांचा दुकानदार, आणि मी, कणकवलीच्या एका कचेरीतला कारकून. अक्षर बरं म्हणून मला सेक्रेटरी केलं. उडण्यातली माझी प्रगती पाहून कॅप्टन म्हणाले होते, "तुम्ही पत्रव्यवहार सांभाळा. आकाशाचं आम्ही बघतो."

इंजीन नसलेलं विमान वर जातं कसं, तर सड्याच्या एका टोकाला ग्लायडर आणि दुसऱ्या टोकाला विंच. विंच म्हणजे जुन्या ट्रकचं इंजीन आणि त्याला जोडलेला एक मोठा ड्रम. मधे किलोमीटरभर पोलादी तार. तिकडून बावटा हलला की विंचवाला तार भराभर गुंडाळतो, ग्लायडर पतंगासारखं चढत जातं आणि पुरेसं वर गेलं की चालवणारा तार सोडून देतो. थोडक्यात, वरच्या माणसाचा जीव मिनिटभर खालच्या माणसाच्या हातात असतो. हे वाक्य मी आमच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं. चांगलं वाटलं म्हणून लिहिलं होतं.

पहिल्याच महिन्यात तार तुटली. मी पुढाकार घेऊन तिला गाठ मारली. घट्ट बसावी म्हणून वर उभा राहून उड्याही मारल्या. 'इमान' बघायला आलेल्या माणसांत एक साठीचा माणूस होता. गुडघ्याच्या वर खोचलेली लुंगी, डोक्याला गुंडाळलेला पंचा. तो गाठीशी येऊन उभा राहिला.

"ही कोणी मारल्यान?"

"मी," मी अभिमानाने म्हणालो.

"ह्या काय बैलाचा दावा, मेल्या? वर मनीस आसतलो ना?"

मग तो खाली बसला. तारेचे पीळ त्याने उलगडले, एकात एक घातले, ठोकले, पुन्हा घातले. दोन तासांनी सांधा कुठे आहे हे बोटांनाही कळेना. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला आणि मग सात वर्षं येत राहिला. विंच त्याचीच झाली.

तो मूळचा रापणीचा तांडेल. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं ते भलंमोठं जाळं. चाळीस-पन्नास माणसं दोन्ही बाजूंच्या दोरांना लागतात, आणि ओढा कधी, थांबा कधी, हे ठरवतो तांडेल. मशीनच्या बोटी आल्या, रापणीला मासा लागेना, दोराला माणसं मिळेनात. त्याचं जाळं पडवीत कुजून गेलं. मग काही वर्षं त्याने बोटींची इंजिनं दुरुस्त केली. पण इंजिनाबद्दल त्याला प्रेम नव्हतं. "इंजिनाचा काय, पाना फिरवलो की झाला," तो म्हणायचा. "दोराक मात्र मनीस कळता." आमच्या सड्यावर त्याला पुन्हा दोर सापडला होता. आम्हाला विंचवाला मिळाला, एवढंच आम्ही समजलो.

(इथे मी 'तो' लिहितोय. समोर 'तांडेलानू, तुमी' असंच म्हणायचो.)

त्याला विंच चालवताना तुम्ही बघायला हवं होतं. उजवा हात इंजिनावर, डाव्या हाताचा तळवा विंचच्या लोखंडी चौकटीवर, मान खाली. वैद्य नाडी बघतो तसा. ग्लायडरकडे तो बघायचाच नाही. वर काय चाललंय ते त्याला तळव्यातून समजायचं. वरच्याने तार सोडली की आमच्या लक्षात यायच्या आधी तो म्हणायचा, "सुटलो." आत कोण बसलंय हेही त्याला कळायचं. "आज दुकानदार जेवान इलो वाटता," तो म्हणायचा, आणि दुकानदार खरोखरच जेवून आलेला असायचा.

माझी थट्टा हा त्याचा रविवारचा नाश्ता. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी शिवून आणायचं काम माझ्याकडे आलं, तर मी शिंप्याकडून तिची दोन्ही तोंडं बंद करून आणली. उशीच्या अभ्र्यासारखी ती काठीवर लोंबत राहिली. त्याने ती हातात घेऊन उलटसुलट केली. "सेक्रेटरी, ह्येत वारो धरूचो आसा की लोणचा घालूचा?"

कितीदा म्हटलं, एकदा वर चला, कॅप्टन फिरवून आणतील. "वर जावन काय करू? दोर खाली आसता," एवढंच उत्तर.

त्याची आणखी एक सवय होती. तार ओढायच्या आधी शेजारी जो कोणी असेल त्याला विचारायचा, "बावटो दाखवल्यान काय रे?" शेजारचा म्हणायचा, "दाखवला." मग तो इंजीन वाढवायचा. आम्हाला वाटायचं, बोलण्याची ढब आहे. सात वर्षं ती ढबच होती.

एका माघातल्या रविवारी विंचपाशी मी होतो. मालवणहून आलेल्या दोन पाहुण्यांना मी क्लबाचा इतिहास सांगत होतो आणि त्यात माझा भाग जरा वाढवत होतो.

"बावटो दाखवल्यान काय रे?"

मी बोलता बोलता तिकडे एक नजर टाकली. बावटा हलत होता. "दाखवला, दाखवला," म्हणालो आणि पुन्हा पाहुण्यांकडे वळलो.

तार ताणली गेली. आणि पाहुण्यांपैकी एकजण माझ्या खांद्यावरून बघत म्हणाला, "ती म्हैस?"

म्हैस तारेवर उभी होती. आमच्यापासून पन्नास पावलांवर, पाय तारेच्या दोन्ही बाजूंना. मी इतक्या मोठ्याने ओरडलो की माझं मलाच कळलं नाही काय ओरडलो. त्याने एका क्षणात इंजीन बंद केलं. तार सैल पडली, म्हैस शांतपणे चालू लागली. ग्लायडर अजून जमिनीवरच होतं. कोणाला काही झालं नाही.

"खंय आसा ढोर?" त्याने विचारलं. मान उंच करून तो डावीकडे बघत होता. म्हैस उजवीकडे होती.

त्याने माझ्याकडे तोंड वळवलं. दोघांना कळलं होतं, आणि दोघांना कळलंय हेही कळलं होतं.

खरं तर तिथेच बोलायला हवं होतं. पण म्हाताऱ्या माणसाला सड्यावर उभं करून 'तुम्हाला दिसत नाही' कसं म्हणणार? मी घरी गेलो आणि आठवडाभर जेवलो नीट नाही. मग कार्यकारिणीची सभा बोलावली. मी सांगितलं की तांडेलांची नजर गेली आहे, त्यांना म्हैस दिसली नाही, उद्या माणूस मरेल. सगळं खरं होतं. फक्त त्यांनी बावटा विचारला होता आणि मधल्या तारेकडे न बघताच मी 'दाखवला' म्हणालो होतो, एवढं एक वाक्य मी गाळलं.

कॅप्टन म्हणाले, "मग त्यांना सरळ सांगा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सेक्रेटरी मी होतो.

सरळ सांगणं माझ्या जिवावर आलं, आणि मला सत्कार सुचला. आपल्याकडे माणसाला खुर्चीवरून उठवायचं असेल तर आधी तिच्यावर बसवून हार घालतात; कचेरीत मी असे किती निरोप समारंभ बघितले होते. क्लबाचा वर्धापनदिन जवळ आला होता. शाळेतून माईक आणला. त्याला म्हटलं, "तांडेलानू, यंदा तुमचा सत्कार. काकींना घेऊन या."

"माझो कित्याक?" तो हसला. "बरा. येतंय."

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. बायको नवं लुगडं नेसून आली होती. मी बोलायला उभा राहिलो. रापण, तांडेल, गाठीची गोष्ट, लोणच्याची गोष्ट. लोक हसले, तोही हसला. मग मी चष्मा पुसला आणि वाचलं, "सात वर्षं अहोरात्र राबलेल्या या हातांना आता विश्रांती मिळावी, अशी क्लबाची नम्र इच्छा आहे." आम्ही फक्त रविवारी उडायचो, अहोरात्र कसलं? पण ते वाक्य तसंच यायचं असतं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता तसाच राहिला, फक्त हसू त्याच्या चेहऱ्यावरून निघून गेलं होतं.

त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला. माईकपासून जरा बाजूलाच उभा राहिला.

"मगे फुडल्या आयतवारी दोर कोण धरतलो?"

मी म्हणालो, नांदगावचा एक ट्रक ड्रायव्हर येणार आहे.

"बरा," तो म्हणाला.

कार्यक्रम संपल्यावर चहा चालू असताना तो दिसेना. विंचपाशी होता. खांद्यावर शाल तशीच, आणि ड्रमच्या कडेला ग्रीस लावत होता. लावून झाल्यावर त्याने हात पुसले, तळवा एकदा चौकटीवर ठेवला. इंजीन बंद होतं. मग दोघं सड्यावरून चालत खाली गेली. मी गाडी देऊ का म्हणून मागून हाक मारली. त्याने मागे न बघता हात वर केला. तो हो होता की नाही, मला समजलं नाही, म्हणून मी गेलो नाही.

नांदगावच्या ड्रायव्हरची नजर घारीसारखी होती. बावटा त्याला सगळ्यांच्या आधी दिसायचा. पण हात जड. दोन महिन्यांत तार तीनदा तुटली. तिसऱ्यांदा ग्लायडर झाडाच्या उंचीवर असताना. कॅप्टननी ते कसंबसं उतरवलं, पण त्यांची पाठ दुखावली आणि ग्लायडरचं पोट कातळावर फाटलं. इस्पितळात पालथे पडल्या पडल्या ते म्हणाले, "तांडेलांना परत आणा. डोळ्यांचं काय ते आपण बघू."

मी हो म्हटलं. मग पावसाळा आला. पावसात उडायचं नसतंच, म्हणून जायची घाई नाही, असं मी स्वतःला सांगितलं. चार महिने मला हे कारण पुरलं. खरं कारण एवढंच, की त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती.

दसरा झाल्यावर त्याच्या घरी गेलो. कुलूप. शेजारी म्हणाले, दोघं चेडवाकडे आरोंद्याला गेली. एसटीने आरोंद्याला गेलो. खाडीच्या काठावर मुलीचं घर. ओट्यावर काकी सुकवलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत बसल्या होत्या. मी 'तांडेल' म्हणून तोंड उघडलं आणि त्यांच्या कपाळाकडे लक्ष गेलं.

"श्रावणात गेले," त्या म्हणाल्या. "बस."

मी बसलो. त्यांनी मुलीला पाणी आणायला सांगितलं. मग त्याच बोलू लागल्या. इथे आल्यावर तो रोज खाडीवर जायचा. बांधलेल्या होड्यांचे दोर एकेक हातात धरून बसायचा. कोणाची होडी ओढ घेतेय, कोणाची नाही, ते लोकांना सांगायचा. लोकांना गंमत वाटायची.

"काकी," मी म्हणालो, "त्यांना दिसत नव्हतं. मला भीती वाटली."

"दिसणा नाय, ता माका ठावक होता. तुका कळला, ता तेंका ठावक होता. म्हशीच्या दिवसापासून वाट बघी होते, सेक्रेटरी कधी सांगता म्हणान. लुगडा नेसान मिया इलंय ती सत्काराक. ते इले ते तू सांगतंस काय ता ऐकूक."

"मी सभेत सगळं सांगितलं नाही. बावट्याचं मीच..."

"ता पण सांगलेले माका. 'सेक्रेटरी गजाली मारी होतो' म्हणाले. दुसऱ्या कोणाक सांगूक नाय."

मग नेहमीसारखा भलतंच बोललो. म्हणालो, आमचा नाइलाज होता, आंधळ्या माणसाच्या हाती दोर कसा द्यायचा?

काकींनी सुंगटांवरचा हात थांबवला.

"रापणीत दोर ओढणाऱ्याक मासो कधी दिसता रे? एक मनीस डोंगरार चढान मासो बघता, तो सांगता तसा खालचे ओढतत. तेंचे डोळे गेले. तुझे होते मा?"

"होते."

"मगे? बाजूक गप बसान बघूचा, इतक्याच काम होता तुझा. म्हस तुका दिसाक नाय, आणि घराक बसवलंस तेंका."